चौथं मॉड्यूल

(स्थळ : पुण्यातला एक टू बीएचके. वेळ : रविवार सकाळ. सासरे बँकेच्या कर्जखात्यातून निवृत्त झालेले. जावई आयटीत नोकरीला. "बाबा, याचं काहीतरी चाललंय," एवढंच मुलगी फोनवर म्हणाली आणि सासरे पहिल्या एसटीनं हजर झाले.)

सासरे : जावईबापू, स्पष्टच विचारतो. नोकरी सोडताय का?

जावई : छे हो, बाबा!

सासरे : नक्की ना? घराचा हप्ता आहे.

जावई : नोकरी कशाला सोडू? मी फक्त उद्योजकीय मानसिकता डेव्हलप करतोय.

सासरे : (पाण्याचा ग्लास रिकामा करून) हुश्श. मग धंदा कसला काढताय?

जावई : धंदा नाही, मानसिकता. धंदा नंतर. आधी आतला उद्योजक जागा करायचा असतो.

सासरे : किती वाजता उठतो तो?

जावई : पाचला. मग गार पाण्यानं अंघोळ, कृतज्ञतेची वही, आणि व्हिजन बोर्डसमोर दहा मिनिटं उभं राहायचं.

सासरे : फ्रिजवर यॉटचं चित्र आहे, ते?

जावई : हो, तेच.

सासरे : मला वाटलं नातवाला 'य' शिकवताय.

(जावई हसत नाहीत. नकारात्मक माणसांसमोर हसायचं नाही, असं त्यांच्या कोर्सच्या मेंटॉरनं सांगितलेलं असावं.)

जावई : बाबा, मूळ मुद्दा असा की अपयशाची भीती गेली पाहिजे. अपयश साजरं करता आलं पाहिजे.

सासरे : कुठलं साजरं केलंत?

जावई : अजून आलेलं नाही.

सासरे : कर्जखात्यात असताना माझ्या टेबलापुढं पिठाच्या गिरणीवाले आले, पॉवरलूमवाले आले, जेसीबीवाले आले. प्रत्येकाच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये तिसऱ्या वर्षी भरघोस नफा. तोटा काय तो खातेउताऱ्यात दिसायचा. पण मानसिकतेसाठी कर्ज मागायला कुणी आल्याचं आठवत नाही. या कोर्सची फी किती भरलीत?

जावई : चोवीस हजार नऊशे नव्याण्णव.

सासरे : म्हणजे कोर्सवाल्याला गिऱ्हाईक मिळालं. त्याची मानसिकता उत्तम आहे.

जावई : कोर्स चांगला आहे हो. तिसरं मॉड्यूल ऐका तरी. सरस सरस्वती म्हणून अमेरिकेत प्राध्यापक आहेत, व्हर्जिनिया विद्यापीठात. त्यांनी 27 मुरलेल्या उद्योजकांना एक कल्पित धंदा दिला आणि म्हणाल्या, कसा उभा कराल ते मोठ्यानं विचार करत सांगा.

सासरे : मग?

जावई : बहुतेकांनी बाजाराचे अंदाज बाजूला ठेवले. त्यांनी आधी पाहिलं, माझ्या हाताशी काय आहे, मी कुणाला ओळखतो आणि बुडालंच तर किती बुडालेलं परवडेल. परवडेल तेवढंच नुकसान, हे त्यांचं तत्त्व!

सासरे : (खुर्ची पुढं ओढून) अहो, हे खणखणीत आहे! तिसऱ्या मॉड्यूलनंतर तुम्ही काय केलंत?

जावई : चौथं मॉड्यूल.

(इथं मुलीनं पोहे आणले. दोघांनी जराही वाद न घालता खाल्ले.)

सासरे : लक्ष्मणराव किर्लोस्कर माहीत आहेत?

जावई : पंपवाले.

सासरे : पंप फार नंतर. आधी सायकली. बेळगावात सायकलींचं दुकान होतं आणि लक्ष्मणराव स्वतः मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. पगार चालू होता, दुकानही चालू होतं. हे तुमचं परवडणारं नुकसान. सायकल विकायची, वर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचं, कारण ती चालवता कुणाला येत होती?

जावई : आणि मग स्केल केलं?

सासरे : मग लोखंडी नांगर केला. शेतकरी हात लावेनात. लोखंडानं जमिनीत विष भिनेल म्हणाले. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली.

जावई : दोन वर्षं मानसिकता कशी टिकवली असेल!

सासरे : मानसिकता कसली टिकवायची? नांगर खपवायचा होता. दुकान 1888चं आणि कारखान्याचं गाव किर्लोस्करवाडी 1910चं. मध्ये बावीस वर्षं आहेत. त्यातली किती व्हिजन बोर्डसमोर गेली, कुणी लिहून ठेवलेलं नाही. (गॅलरीकडं बोट दाखवून) ते काय आहे?

जावई : टॉवेल वाळत घालायचा... म्हणजे व्यायामाची सायकल. लॉकडाऊनमध्ये घेतली होती.

सासरे : विका.

जावई : आं?

सासरे : आज विका. हाताशी काय आहे? सायकल. ओळखता कुणाला? अख्खी सोसायटी. नाहीच खपली तर जाणार काय?

जावई : इज्जत. सोसायटीच्या ग्रुपवर शंभरावर लोक आहेत, बाबा.

सासरे : रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवणाऱ्यांची गेली का? लिहा.

(अर्ध्या तासानं.)

जावई : ऐका. 'तुमच्या आरोग्यप्रवासाचा विश्वासू साथीदार. आजच पहिलं पाऊल उचला.'

सासरे : सायकलवर पाऊल कशाला उचलताय? आणि किंमत कुठं आहे?

जावई : 'किमतीसाठी वेगळा मेसेज करा' असं खाली लिहिलंय.

सासरे : जिथं किंमत लपवतात त्या दुकानाची मी पायरी चढत नाही. किती सांगताय?

जावई : बारा हजार. चौदाला घेतली होती.

सासरे : चौदा हजार ही तुमची आठवण झाली. घेणाऱ्याला सायकल हवी आहे, आठवण नको. अडीच हजार लिहा.

जावई : अडीच?

सासरे : टॉवेलाचे डाग आहेत.

(मेसेज गेला. चार अंगठे, एक नमस्कार आणि कुणाचा तरी 'हॅपी संडे'. जावयांचा चेहरा उतरला. सासरे खुशीत होते. अपयश आलं, आता साजरं करा म्हणाले. तेवढ्यात बेल वाजली. तिसऱ्या मजल्यावरचे काका, हातात काठी.)

काका : सायकल तुमचीच ना? गुडघा बदललाय माझा. फिजिओ म्हणतो, जागेवरची सायकल चालवा. दोनेक महिने लागेल. विकत घेऊन पुढं काय करू? भाड्यानं देता का?

जावई : सॉरी काका, भाडं आपल्या मॉडेलमध्ये नाहीये.

(सासऱ्यांना ठसका लागतो.)

सासरे : बसा हो, बसा. जावईबापू, आत या जरा.

(स्वयंपाकघरात, दबक्या आवाजात.)

सासरे : धंदा दार वाजवून आत आलाय आणि तुम्ही त्याला मॉडेल दाखवताय?

जावई : पण आपण विकायला काढली होती!

सासरे : गिऱ्हाइकानं तुम्हाला न सुचलेली गोष्ट सुचवली आणि एक पैसा फी घेतली नाही. महिना पाचशे सांगा. डिपॉझिट हजार. आणि हे मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं.

जावई : मी? तोंडावर? पैसे?

सासरे : पाचला उठून गार पाण्यात बसता. हे त्याहून गार नाही.

(बाहेर.)

जावई : काका, ते... म्हणजे... तुमच्या सोयीनं... महिना पाचशे?

काका : चारशे.

जावई : बरं.

सासरे : (हळूच) अहो, निदान साडेचारशे तरी...

काका : साडेचारशे चालेल की. पण डावं पेडल करकरतंय, तेल घालून वर आणून द्या. आणि 'बी' विंगमध्ये देशमुखीणबाईंचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात. मी सोडली की त्यांना सांगतो.

(काका जातात. जावयांचे डोळे चमकू लागलेले.)

जावई : बाबा! शहरात किती गुडघे बदलत असतील! आपण ॲप काढू. नाव, लोगो, फंडिंग...

सासरे : तेल कुठं आहे?

जावई : ब्रँडिंगचं ॲडव्हान्स्ड मॉड्यूल आहे, उद्यापर्यंत सवलतीत...

सासरे : शिलाई मशीनचं तेल असेल बघा, कपाटावर.

(जावयांनी ॲडव्हान्स्ड कोर्स घेतला. सायकल सध्या तिसऱ्या मजल्यावर आहे. भाडं दर महिन्याच्या एक तारखेला सासरे वसूल करतात आणि पावती फाडतात. 'बी' विंगसाठी त्यांनी जुन्या बाजारात दुसरी सायकल अठराशेला ठरवून ठेवली आहे. जावयांना त्यांनी हे अजून सांगितलेलं नाही.)