अडीच इंची सोयरीक

पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या कुठल्याही काउंटरवर उभे राहा, पहिला प्रश्न ठरलेला: "गाडी कुठली?" नाव, मॉडेल, साल सांगितलं की पोऱ्या माळ्यावर चढतो आणि धुळकट खोका घेऊन उतरतो. सोयरिकीच्या बैठकीत गोत्र विचारावं तसा हा प्रश्न. त्यावाचून पुढची बोलणीच नाहीत. आणि आमच्या भाच्याला हवा होता सिलिकॉनचा होज, जो कुठल्याच गाडीचा नाही.

भाच्याकडे जुनी एस्टीम आहे. कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून तिथं उघडा फिल्टर आणि ॲल्युमिनियमचा पाइप बसवला की इंजिन मोकळा श्वास घेईल, हा त्याचा सिद्धान्त. १.३ लिटरचं इंजिन ६००० फेऱ्यांना मिनिटाला जवळजवळ ३९०० लिटर हवा ओढतं, असा हिशेब त्यानं मला कागदावर मांडून दाखवला. लक्ष्मी रोडवर दुसरा गियर पडला तरी पेढे वाटावेत अशी परिस्थिती असताना ६००० फेऱ्या कुठं होणार, हे मी विचारलं नाही. मामाला काही मर्यादा असतात.

फिल्टर मिळाला, पाइपही मिळाला. त्यांना जोडणारा वीतभर तुकडा मात्र मिळेना. फिल्टरचं तोंड ३ इंच, पाइप अडीच, म्हणजे मधे रिड्यूसर हवा.

"गाडी कुठली?"

"कुठलीही चालेल."

"अशी कुठली गाडी असते?"

शेवटी त्या भल्या माणसानं एका ट्रकचा रेडिएटर होज पुढे ढकलला. "पाहिजे तेवढा कापा. एवढ्या मोठ्या ट्रकला चालतो, तुम्हाला नाही चालणार?" होजला मधोमध कोपरासारखा बाक होता. "वाकडा आहे," भाचा म्हणाला. "ट्रक सरळच जातो," उत्तर आलं.

मग नळवाल्याचं दुकान. तिथं पीव्हीसी पाइप ६३ आणि ७५ मिलिमीटरचे. अडीच इंच म्हणजे ६३.५ आणि ३ इंच म्हणजे ७६.२, म्हणजे जवळजवळ तेच. पण जवळजवळवरच सगळं अडतं. "अर्ध्या मिलिमीटरनं काय होतंय?" दुकानदार म्हणाला. पाण्याचं एक वेळ भागेल, पण फिल्टरच्या पुढे फट राहिली तर धूळ थेट सिलिंडरात जाते, आणि पुण्यातल्या खोदकामांकडे पाहता ती पुरवठ्यात कमी पडणार नाही. शिवाय मोजमापाची तऱ्हा अशी, की पाइप बाहेरून मोजायचा, होज आतून, आणि क्लिप पुन्हा होजच्या बाहेरून. होजची जाडी ५ मिलिमीटर धरली तर अडीच इंची होजला साडेत्र्याहत्तरवर आवळणारी क्लिप लागते.

क्लिपांसाठी बोहरी आळी. स्क्रू फिरवला की पट्टी आवळते, ही साधी करामत. ब्रिटिश नौदलातल्या लम्ली रॉबिन्सन नावाच्या कमांडरनं १९२१ साली तिचं पेटंट मिळवलं. पण पट्टीच्या खाचा मऊ सिलिकॉनला चावतात, म्हणून भाच्याला टी-बोल्ट क्लॅम्प हवे. ते खरे टर्बोच्या दाबासाठी. इथं इंजिन नुसतं ओढतंय, तिथं आतून गुळगुळीत पट्टीची क्लिप पुरते. "पण बॉनेट उघडल्यावर भारी दिसतात ना, मामा!" एवढं प्रामाणिक कारण या सबंध प्रकरणात दुसरं नव्हतं. शेठनी स्टेनलेस म्हणून दिलेल्या क्लॅम्पला भाच्यानं चुंबक लावलं. चिकटलं. "काही जातींच्या स्टेनलेसला चिकटतं," शेठ शांतपणे म्हणाले, आणि दुर्दैवानं ते खरं आहे.

होज भोसरीत, कारखान्यांना माल पुरवणाऱ्या एकाकडे मिळाला. त्यानं गाडीचं नावही विचारलं नाही. विचारला फक्त रंग. भाचा तिथंच पाघळला आणि घासाघीस न करता निळा घेऊन आला.

आता आवाज झकास येतो. जोर मात्र होता तेवढाच, कदाचित कमीच. कारण कंपनीचा डबा बाहेरची गार हवा घ्यायचा, आणि हा उघडा फिल्टर रेडिएटरशेजारी बसून तापलेली ओढतो. हवा ३० अंशांनी तापली तर ती सुमारे १० टक्के विरळ होते. उपाय म्हणजे मधे पत्र्याचा आडोसा. तयार आडोसा मागायला नाना पेठेत जायची भाच्याची तयारी नाही. काल तो ताईच्या स्वयंपाकघरात स्टीलची परात मोजत होता. बाहेरून.