सुवेझ, पांझरा आणि लोखंडी कपाट

इंग्रजी शिकण्याचे मार्ग अनेक आहेत. कोणी ती शेक्सपिअरच्या बोटाला धरून शिकतो, कोणी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या पायऱ्या चढत, तर कोणी साहेबाची बोलणी खाऊन. परंतु आम्ही धुळ्याची मुले ती परराष्ट्रांच्या भांडणांतून शिकलो, आणि ज्या राष्ट्रांनी ती भांडणे एवढी दीर्घकाळ व एवढ्या निष्ठेने चालू ठेवली, त्यांचे ऋण मान्य केल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल.

त्या काळी इंग्रजीचा श्रीगणेशा आठवीत होत असे, म्हणजे अशा वयात की, जेव्हा जीभ अहिराणीत पक्की मुरलेली असते आणि नवी वळणे घेण्यास तिची मुळीच तयारी नसते. त्यातून पाठ्यपुस्तकाची तऱ्हा अशी की, धड्यात एकदा भेटलेला शब्द पुन्हा वर्षभर तोंड दाखवीत नसे. म्हणून आमच्या मास्तरांनी फर्मान काढले की, चाळीसगावच्या रेल्वेफाट्याने येणारा मुंबईचा टाइम्स रोज वाचनालयात जाऊन वाचावा आणि त्यातही पहिल्या पानावरची परदेशची बातमी आधी वाचावी. कारण स्थानिक बातमीत दररोज नवा चोर असतो, पण परराष्ट्रीय बातमीत दररोज तीच वाटाघाट असते. अध्यापनशास्त्रावरचे याहून मार्मिक विधान माझ्या पाहण्यात नाही. 'डेडलॉक' हा शब्द सोमवारी कळला नाही तर बिघडत नसे. मंगळवारी तो तेथेच असे, आणि परीक्षेपर्यंत तो सुटण्याची भीती नसे.

माझ्या विद्याभ्यासाचा सुवर्णकाळ म्हणजे १९५६ साल. २६ जुलै रोजी इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी सुवेझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले आणि पोळ्यापर्यंत आमच्या वर्गातील अत्यंत मठ्ठ मुलगासुद्धा 'नॅशनलायझेशन' हा सहा पदरी शब्द एका दमात म्हणू लागला. ऑक्टोबरअखेर इस्रायलने सिनाईत सैन्य घातले, पाठोपाठ इंग्रज-फ्रेंचांनी बारा तासांचे 'अल्टिमेटम' दिले, आणि मी दिवाळीच्या सुट्टीसाठी ही सर्व शब्दसंपत्ती पिशवीत घालून पांझराकाठच्या आमच्या गावी गेलो.

तेथे आमचे आप्पा होते. आप्पांना इंग्रजी येत नसले तरी पाटाच्या राजकारणात त्यांचा अधिकार इंग्लंडचे पंतप्रधान अँथनी ईडन यांच्यापेक्षा निःसंशय मोठा होता. पांझरेच्या खोऱ्यात फडपद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सर्वांचे एकच पीक, आणि पाण्याची वाटणी पाहावयास गावाने नेमलेले पाटकरी, हवालदार व जागले. पाणी कमी झाले तर सर्वांचेच कमी; पाटलाचा वाफा भिजला आणि गरिबाचा कोरडा राहिला, असे होऊ द्यायचे नाही, हा तिचा दंडक. या दंडकात मुरलेल्या आप्पांसमोर मी ओट्यावर बसून सुवेझचे प्रकरण साद्यंत निवेदन केले. त्यांनी तंबाखू मळता मळता एकच विचारले,

"पाट कोना शे?"

"इजिप्तचा, आप्पा."

"मंग त्या दोन्हीसले तठे काय काम शे?"

मी 'इंटरनॅशनल वॉटरवे' या संज्ञेचा उपयोग करून पाहिला. पण इस्रायल व इजिप्त या दोन्ही पक्षांनी कालव्यापासून दहा दहा मैल मागे सरावे, अशी त्या निर्वाणीच्या खलित्यातील अट ऐकताच आप्पांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकण्याचे थांबविले. ज्याच्या शिवारातून पाट जातो त्यालाच दहा मैल लांब जाऊन उभे राहण्यास सांगण्याची हिंमत उभ्या पांझराकाठी एकाही हवालदारास झाली नव्हती. पुढे संयुक्त राष्ट्रांचे पहिले सशस्त्र शांतिपथक इजिप्तमध्ये उतरले, तेव्हा आप्पांनी त्याला जागल्याची बिरुदावली देऊन टाकली आणि वर इशारा दिला की, जागल्याचे धान्य सर्व वाटेकऱ्यांनी खळ्यावरच मोजून द्यावे, नाहीतर रात्री तो झोपा काढतो. सोव्हिएत रशियाने या पथकाचा खर्च उचलण्याचे साफ नाकारले आणि काही वर्षांनी तो तंटा आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला. हेगच्या न्यायाधीशांना १९६२ साली जे मत द्यावे लागले, ते आप्पांनी ओट्यावर फुकट दिले होते.

सुवेझ ओसरते न ओसरते तोच, जानेवारी १९५७ मध्ये, भारताचे प्रतिनिधी कृष्ण मेनन सुरक्षा समितीत काश्मीरवर सुमारे आठ तास बोलले. ते भाषण आमच्या वर्गाला उन्हाळ्यापर्यंत पुरले. पुढे १९६२ च्या ऑक्टोबरात क्यूबाच्या प्रकरणात केनेडींनी नाकेबंदीला 'क्वारंटीन' म्हटले, तेव्हा प्लेगचा काळ पाहिलेल्या आमच्या आजीने घाबरून उंदीर कोणत्या आळीत पडले ते विचारले. त्याच ऑक्टोबरात चीनच्या हल्ल्याने हिमालयात जे घडले, त्याने शिकविलेले शब्द मात्र कोणाला पाठ करावे लागले नाहीत.

हे सारे घडत होते ते राजवाड्यांच्या धुळ्यात, हा एक मौजेचा भाग. जे काय लिहायचे ते मराठीतच, असा ज्यांचा बाणा, त्या इतिहासाचार्यांनी मराठ्यांच्या वकिलांची पत्रे दप्तरांच्या धुळीतून उकरून काढली आणि १९२६ च्या शेवटच्या दिवशी याच गावी देह ठेवला. त्या पत्रांतील तहनामे, सलूख, करारमदार नि कुमक वाचली की वाटते, आम्ही उगाच टाइम्सची वाट पाहत बसलो. फसवणुकीची इतकी अदबशीर भाषा तर राजवाडे संशोधन मंडळाच्या कपाटांत हाताशीच होती.

या विद्येत एक उणीव होती. पुढे मी जळगावास एका कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो. अजिंठ्याला जाणारे गोरे प्रवासी जळगाव स्टेशनावर उतरतात. त्यांपैकी एक जण खाणावळीत माझ्या समोरच बसला आणि कळण्याची भाकरी व वांग्याचे भरीत यांच्या भरवशावर त्याने शेजारची हिरवी मिरची निष्पापपणे अर्धी तोडली. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्यास ताक घ्यावयास सांगावे असे मला तीव्रतेने वाटले. परंतु ताकावरून कोणत्याही दोन राष्ट्रांनी राजदूत परत बोलावले नसल्यामुळे तो शब्द माझ्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. अखेर मी गंभीर मुद्रेने म्हणालो, "द सिच्युएशन इज टेन्स, बट अंडर कंट्रोल." इंग्रजीचे एक अक्षर न येणाऱ्या वाढप्याने तोवर ताकाचा पेला त्याच्यापुढे आदळलाही होता.

कचेरीत मात्र याच इंग्रजीचे सोने झाले. होय न म्हणता नाही न म्हणण्याची जी कला मी सुरक्षा समितीच्या ठरावांतून हस्तगत केली होती, तिच्यावर साहेब बेहद्द खूश असत. खानदेशाची पूर्व-पश्चिम वाटणी १९०६ साली झाली, पुढे पूर्वेचे जळगाव व पश्चिमेचे धुळे झाले, आणि या स्थित्यंतरांत केव्हातरी एक लोखंडी कपाट धुळ्याच्या कचेरीत राहून गेले ते आमचे आहे, असा आमच्या दप्तरी दाखला होता. मी पहिल्याच पत्रात 'ग्रेव्ह कन्सर्न' व्यक्त केली. उलटटपाली 'स्टेटस को' कायम ठेवण्याविषयी आग्रह आला, तेव्हा मी ओळखले की, तिकडचा कारकूनही त्याच टाइम्सवर पोसलेला आहे. सिमला करारानंतर आम्ही दोघेही 'बायलॅटरल' झालो आणि वरिष्ठांची मध्यस्थी एकमुखाने नाकारली. शेवटी उभय पक्षांच्या मंजुरीने, प्रवासभत्त्यासह, वाटेतील पारोळ्यास शिखरपरिषद भरली.

मोटारस्टँडाजवळच्या हॉटेलात, भज्यांच्या बशीच्या दोन्ही बाजूंना दोन्ही दप्तरे मांडून, आम्ही तीन तास मोकळेपणाने व सौहार्दाने विचारविनिमय केला. प्रवासभत्ता दोघांनाही मिळत असल्याने मतैक्य लवकर झाले: कपाट आहे तेथेच राहावे, हक्क कोणीही सोडू नये, आणि वाटाघाटी चालू ठेवाव्यात. चहा-भज्यांच्या बिलावर मात्र एकमत होऊ शकले नाही. तो विषय पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेण्यात आला, आणि हॉटेलवाल्याने दोन्ही कचेऱ्यांच्या नावे निम्मे निम्मे पैसे उधारीच्या वहीत मांडून ठेवले.