पाचोळ्याचा बंदोबस्त

झाड लावताना मातीचा विचार करणारे लोक मागासलेले असतात. माती काय, पायाखाली पडलेलीच असते. झाडाचे खरे काम दोनच: फोटोत दिसणे आणि आकड्यात भर घालणे. २०१९ च्या पावसाळ्यात महाराष्ट्राने ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला, तेव्हा ‘कोणती झाडे?’ असली चौकशी फारशी झाली नाही, हे उत्तमच. देवांच्या संख्येशी बरोबरी केल्यावर जातकुळी विचारणे शोभत नाही.

रस्त्याकडेला काशिद लावणाऱ्याची दूरदृष्टी पाहा. काशिदाला शेंगा लागतात, म्हणजे हे डाळीच्या गोतातले, म्हणजे हवेतले नत्र जमिनीत आणणारच, असे समजून भोळा माणूस सुखावतो. प्रत्यक्षात काशिदाच्या काय, गुलमोहराच्या काय, मुळांवर त्या कामाच्या गाठीच नसतात. बाभळीचे रोपटे उपटले तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. नखाने फोडली की आत गुलाबी, म्हणजे जिवाणू ड्यूटीवर. जमिनीखाली गुपचूप चाललेल्या अशा कारभाराला उत्तेजन देऊ नये. शिवाय बाभळीला काटे असतात आणि वृक्षारोपणाला पाहुणे चपला घालून येतात.

गिरिपुष्पाची व्यवस्था तर आदर्श म्हणावी अशी. मध्य अमेरिकेतून आलेले हे झाड नत्र साठवते, छाटणी सोसते, पाला लवकर कुजतो. बांधावर लावून पाला शेतात गाडावा, असे कृषी विद्यापीठे सांगत आली. म्हणून आपण ते पुण्याच्या टेकड्यांवर लावले. तिथे शेत नाही, खत मागणारे कुणी नाही. होते ते माळाचे गवत, तेही सावलीने हटले. बांधावर मात्र नको, पीक खुरटते.

निलगिरी सरळसोट वाढते आणि लवकर विकली जाते. तिचा तेलकट पाला कुजायला वेळ घेतो, हाही गुणच. घाईघाईने माती होण्यात कसली प्रतिष्ठा?

तरीही पाने गळतातच. त्यावर शहरांनी उपाय शोधला आहे. सोसायटीत सकाळी खराट्याने ढीग करायचा, कोपऱ्यात नेऊन काडी लावायची. नत्र धुरावाटे वर जाते, पालाश आणि चुना राखेत राहतात, राख वाऱ्यावर जाते. कुणावर अन्याय नाही. मग कुंड्यांसाठी नर्सरीतून गांडूळखताची पिशवी आणायची. पाने फुकट मिळत असताना तीच विकत घेण्याला ऐपत लागते.

खेड्यानेही मागे राहू नये. बांधावरचा कडुलिंब तोडावा, लाकूड विकावे आणि त्या पैशातून युरियाची गोणी आणावी. २०१५ पासून देशातल्या युरियावर कडुलिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे, तेव्हा नत्र हळूहळू सुटते. म्हणजे कडुलिंब शेतातून गेला असे म्हणताच येत नाही. तो ४५ किलोच्या गोणीतून परत येतो, पावतीसकट.

एवढे करूनही मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्बापुढे ‘कमी’ असा शेरा पडला, तर खचू नये. पत्रिका पाचोळ्याच्या ढिगात टाकावी. कागद निलगिरीच्या लगद्याचा असेल, तर तिलाही कधी नव्हे ती मातीच्या उपयोगी पडण्याची संधी मिळेल. आणि ती पडण्याआधीच आपण काडी लावलेली असेल.