पाटबंधारेवाले साहेब

परदेशात नदीवरच्या क्रूझला निघालेल्या मराठी ग्रुपमध्ये पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब हवेतच. नसले तर ट्रॅव्हल कंपनीने आपल्या खर्चाने घालून द्यावेत. सकाळी बोट धक्क्याला लागते, गाईडबाई नंबराची काठी उंच धरून चालू लागतात, कानात यंत्र खोचलेली मंडळी मागोमाग निघतात आणि साहेब तेवढे काठावर उभे. पाणी बघत.

डॅन्यूबवर आमच्या वाट्याला आलेले साहेब सांगलीचे. नवे पांढरे बूट, कानटोपी, खिशाला पेन. जगातली कुठलीही नदी ते तिथल्या आयर्विन पुलाच्या फुटांत मोजतात.

जर्मनीतल्या पासाउला डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या एकत्र येतात. गाईडबाईंना घाई सेंट स्टीफन कॅथेड्रलची. तिथल्या ऑर्गनला 17 हजारांहून जास्त नळ्या आहेत. नळ्या म्हटल्यावर साहेबांना आशा वाटली. पण त्यांतून नुसती हवाच जाते असं कळल्यावर ते टाउन हॉलच्या भिंतीपाशीच थांबले. त्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा आहेत. सगळ्यात वर 1501, त्याच्या किंचित खाली 2013. साहेबांनी भिंतीला पाठ लावून हात वर केला, मग चार पावलं मागे सरून मान वर केली.

"2013 ला 12.89 मीटर. म्हणजे 42 फूट. आमच्याकडे 40 ला इशारा, 45 ला धोका. इशाऱ्याच्या जरासं वर, बस्स!"

दोन्हीकडच्या मोजपट्ट्यांचं शून्य वेगळं, हे त्यांना पक्कं ठाऊक. पण परमुलखात गावाची बाजू घ्यायची तर असले बारकावे काढायचे नसतात. 2019 ला सांगलीत पाणी 57 फुटांवर गेलं होतं, हे त्यांनी शेजारी फोटो काढणाऱ्या एका जपानी आजोबांनाही हातवाऱ्यांनी सांगितलं. आजोबा कमरेत वाकले. साहेबांनी ती पोच समजली.

"अहो, चला, सगळे पुढे गेले," साहेबांच्या सौ. काकू म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता गेल्या. संसार सगळा धरणाच्या कॉलन्यांत झालेला.

ड्युर्नस्टाइनला इंग्लंडचा राजा रिचर्ड 1192 साली कैदेत पडला, तो किल्ला चढून साहेबांनी नदीचं वळण पाहिलं. राजाची चौकशी केली नाही. ब्रातिस्लाव्हात गटाराच्या तोंडातून डोकावणारा चुमिल नावाचा ब्राँझचा माणूस आहे. सगळे त्याच्या डोक्याला हात लावून फोटो काढत होते. साहेबांनी विचारलं, "खालच्या लाईनचा उतार किती?" गाईडला असा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा.

व्हिएन्नात मात्र साहेबच गाईड झाले. बोटीसमोर दिसणारं 21 किलोमीटर लांबीचं बेट निसर्गाचं नाही. पुराचं पाणी वळवायला दुसरा प्रवाह खोदला आणि निघालेल्या मातीचं बेट केलं. काम 1972 ला सुरू, 1988 ला पुरं. हे ऐकायला चर्च बुडवून सहा जण त्यांच्यामागे निघाले, त्यात काकूही.

तेव्हा डॅन्यूबला गेलात तर अशा साहेबांच्या शेजारून चाला. राजेराण्या गाईड सांगेलच. फक्त अलमट्टी धरणाच्या फुगवट्याबद्दल विचारू नका, बोट चुकेल.