रा. रा. स्टेंटराव यांस



सायकल चालवल्याने हृदयविकार दूर राहतो, अशी कुजबुज हल्ली सोलापुरातही ऐकू येते. ती तुमच्या कानावर गेली असल्यास जिवाला घोर लावून घेऊ नका, एवढं कळवण्यासाठी हा पत्रप्रपंच. २०१७च्या फेब्रुवारीत सरकारने तुमच्या औषधलेपित अवताराची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, तेव्हा तुमचा भाव उतरला खरा. मागणी उतरू न देण्याची जबाबदारी आमची.

कागदावर सायकलीची बाजू भक्कम आहे, हे नाकारत नाही. त्याच वर्षी ग्लासगोच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. गाडी-बसने कामावर जाणाऱ्यांच्या तुलनेत सायकलने जाणाऱ्यांना हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका ४६ टक्के कमी आढळला. तुमचे वकील म्हणतील, मुळात धडधाकट माणूसच सायकलवर बसतो, त्यात सायकलीचं काय कर्तृत्व? आक्षेप रास्त आहे. वय, वजन, सिगारेट यांचा हिशेब धरूनही अशा पाहणीत तो पुरता फिटत नाही. म्हणूनच २००४ साली प्रसिद्ध झालेला लाइपझिगचा प्रयोग तुम्हाला जास्त झोंबेल. स्थिर हृदयविकाराच्या १०१ पुरुषांची तिथे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली. एका गटाच्या वाट्याला तुम्ही आलात, दुसऱ्याच्या वाट्याला रोज २० मिनिटं व्यायामाची सायकल. वर्षभर विनाविघ्न राहिलेले सायकलवाले निघाले ८८ टक्के, तुमचे ७०. तुम्ही रक्तवाहिनीतला एका जागचा अडथळा हटवता. सायकल मात्र रक्तदाब, साखर, नाडी आणि सगळ्याच रक्तवाहिन्यांचं अस्तर, अशा सर्वांची एकदम काळजी घेते. अर्थात प्रयोग लहान होता, त्यात एकही बाई नव्हती. आणि झटका येऊन पडलेल्याला सायकल देऊन भागत नाही, तिथे तुम्हीच हवेत. हे तुमचं श्रेय कुणी हिरावून घेत नाही.

तरीही निर्धास्त राहा, कारण आमच्याकडे आकड्यांना कुणी भीक घालत नाही. शहर बहुतेक सपाट. स्टेशन, नवी पेठ, सिद्धेश्वर मंदिर, सात रस्ता, सगळं सायकलीच्या टप्प्यात. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा हँडलला डबा अडकवून पाळीला जाणाऱ्यांचं हे गाव. पण भोंगे थांबले आणि सायकल गरिबीची खूण होऊन बसली. आता ती अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये भिंतीला टेकलेली असते. सीटवर धुळीचा थर, हवा गेलेली, आणि हँडलवर स्कूटर पुसायचं फडकं वाळत घातलेलं. हप्त्यावर गाडी घेता येते तोवर माणसाने पायडल का मारावं? कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलासुद्धा आम्ही बटण दाबूनच निघतो. तुमचा खरा पाठीराखा तेलातुपापेक्षा गाडीचा हा मानमरातब आहे.

उन्हाचं कारण तर हाताशीच असतं. एप्रिल-मेच्या दुपारी सायकल काढू नये, हे खरंच. पण त्या उन्हाचा दाखला आम्ही डिसेंबरच्या सकाळीही देतो. धुराचंही तसंच. २०१६च्या एका अभ्यासाचा हिशेब असा की, जगातल्या सर्वसाधारण शहरी हवेत सायकलीचा फायदा धुराच्या तोट्याहून जास्तच भरतो. हवा फारच वाईट असेल तर रोजच्या दीड तासानंतर पारडं फिरतं. दीड तासात तर सोलापूर ओलांडून माणूस पार शहराबाहेर पोचेल.

अपघाताचा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही. २०१० साली डच संशोधकांनी गणित मांडलं: गाडी सोडून सायकल धरणाऱ्याचं आयुष्य सरासरी ३ ते १४ महिन्यांनी वाढतं आणि अपघातांपायी ५ ते ९ दिवस कमी होतं. पण ते नेदरलँड्सचे रस्ते. जानेवारी २०१६मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत आलेल्या आमच्या गावात, हंगामात उसाच्या ट्रॉलीला खेटून सायकल हाकताना डच गणित लागू पडेल, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. भीती खरी आहे; फक्त तिची फिर्याद रस्त्याविरुद्ध दाखल व्हायला हवी, आपण ती सायकलीविरुद्ध करतो. सायकलीसाठी वेगळी, सलग आणि गाड्या न लावलेली पट्टी मागायला महापालिकेच्या दारात कुणी गर्दी केली, तर मात्र तुम्ही सावध व्हा. तूर्त तशी चिन्हं नाहीत.

कळावे, लोभ असावा, पण लांबूनच.

आपला,
एक सोलापूरकर