वेंचरमामा

आदिलाबाद जिल्ह्यातल्या उटनूरात ज्याच्याकडे प्लॉट नाही असे पुष्कळ भेटतील, पण प्लॉटबद्दल ज्याला मत नाही असा एकही भेटणार नाही. या मतांचे घाऊक व्यापारी म्हणजे वेंचरमामा. हे कोणा एकाचं नाव नव्हे. तेलंगणात लेआउटला सगळे वेंचरच म्हणतात आणि जिथे वेंचर तिथे मामा. हैदराबादेत ते टाय लावून कारमधून फिरतात, आमच्याकडे बसस्टँडजवळच्या हॉटेलात बसतात, साधारण एका हॉटेलाला एक या हिशेबानं.

वय पंचावन्नच्या आसपास. आजोबा कधीतरी किनवटकडून बैलगाडीनं आलेले, त्यामुळे घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि पैशाची बोलणी हिंदीत. काखेत प्लॅस्टिकची फाइल. तिच्यात झेरॉक्स प्रतींच्या झेरॉक्स प्रती, इतक्या पुसट की सर्व्हे नंबर ३ आहे की ८, हे मामांच्या श्रद्धेवर अवलंबून. शिवाय एक गुळगुळीत ब्रोशर. त्यावर क्लबहाउस, पोहण्याचा तलाव आणि छत्रीखाली बसलेली गोरी बाई. प्रत्यक्ष जागेवर पिवळे रंगवलेले हद्दीचे दगड, एक कमान आणि कमानीखाली रवंथ करणारी म्हैस.

मामांचं जग गजात मोजलेलं असतं. एकराचे ४,८४० गज, गुंठ्याचे १२१, हे ते झोपेतही सांगतील. मागे एका अंत्ययात्रेत सगळे मान खाली घालून उभे असताना मामा स्मशानाच्या कुंपणाकडे बघत होते. शेजारच्याच्या कानाशी लागून हळूच म्हणाले, “ईस्ट फेसिंग हाय. तीस फुटी रोड. कॉर्नर बिट. फुकट गेलं.”

मामांचं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे नव्यानं नोकरीला लागलेला आश्रमशाळेतला मास्तर. पगार सुरू होऊन वर्ष झालं, लग्न ठरायचंय, बँकेत दोन-तीन लाख साठलेत. “काऊन सर, पैसा बँकेत सडवून रायले का?” ही सलामी. मग तत्त्वज्ञान: “कापसाचा भाव पडते, सोन्याचा पडते. जमिनीचा पडलेला कोणी पाह्यला का?” मास्तर मान हलवतो, कारण त्याच्या बापाचा कापूस दरवर्षी पडलेलाच असतो. तिसऱ्या चहाला मामा आवाज खाली आणतात. रेल्वे येणार, विमानतळ होणार, नवा जिल्हा होणार. २०१६ साली आदिलाबादचे चार जिल्हे झाले तेव्हापासून या शेवटच्या वाक्याला वजन आलंय. एकाचे चार होऊ शकतात, तर चाराचे पाच का नाही?

एवढ्या गप्पा झाल्या तरी एक गोष्ट निघालेली नसते. उटनूर म्हणजे एजन्सी एरिया, राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला आदिवासी मुलूख. इथं १९५९ चं जमीन हस्तांतरणाचं रेग्युलेशन आहे आणि १९७० च्या पहिल्या रेग्युलेशननं ते कडक केलं. लोक त्याला ‘वन ऑफ सेव्हंटी’ म्हणतात. त्यानुसार बिगरआदिवासीला इथं आदिवासीची जमीन घेता येत नाही. इतकंच नव्हे, दुसऱ्या बिगरआदिवासीचीही घेता येत नाही. विकायची तर आदिवासीला किंवा आदिवासींच्या सहकारी संस्थेला. १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते उचलून धरलं. म्हणजे आमचे मामा आणि मास्तर, दोघंही बिगरआदिवासी, ज्या जागेच्या भावावरून तासभर घासाघीस करतात ती एकाला विकता येत नाही आणि दुसऱ्याला घेता येत नाही. चहा मात्र खरा असतो.

मामांना हे सांगून पाहा. “कागदाले कागदानंच उत्तर द्यायचं सर!” उत्तराचा कागद म्हणजे शंभर रुपयांचा बाँड, दोन साक्षीदार आणि नोटरीचा गोल शिक्का. रजिस्ट्री होत नाही, म्हणून मालकी नाही. मालकी नाही, म्हणून बँकेचं घरकर्ज नाही. आणि स्पेशल डेप्युटी कलेक्टरकडे तक्रार गेली तर जागाही नाही. यावर मामांकडे दुसरा उपाय तयार असतो: एखाद्या ओळखीच्या आदिवासी माणसाच्या नावावर घ्या. पैसा तुमचा, नाव त्याचं. १९८८ चा बेनामी कायदा मामांनी ऐकलेला नाही, किंवा ऐकून फाइलमध्ये खाली घातलाय. ज्याच्या नावावर जागा, त्याच्याकडून ती ‘खरा मालक मीच’ म्हणून कोर्टात परत मागता येत नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर जागा सरकारजमा आणि वर तुरुंग, अशीही सोय आहे.

मामा या कायद्याला शिव्या देतात, मी देत नाही. गोंडांच्या जमिनी सावकारांनी आणि बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांनी कशा गिळल्या हे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फनं इथल्याच मारलवाई गावात राहून लिहून ठेवलंय, आणि त्या बाहेरच्यांत मराठी माणसंही होती. गोंडांचा पुढारी कुमरम भीम १९४० मध्ये याच मातीसाठी गेला. २० एप्रिल १९८१ ला इंद्रवेल्लीत गोंडांवर पोलिसांचा गोळीबार झाला तोही जमिनीच्याच मागण्यांवरून. हे सगळं ब्रोशरमध्ये मावत नाही, तिथं गोरी बाई बसलेली आहे.

एजन्सीबाहेर, म्हणजे आदिलाबाद किंवा निर्मल गावात, मामा भाड्याचं गणित मांडतात. “तीस लाखाचं घर घ्या, भाड्यात हप्ता निघून जाते.” मी एकदा कागद ओढून घेतला. सहा लाख पदरचे, चोवीस लाख कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं: हप्ता वीस हजार आठशेच्या आसपास. तसल्या घराला भाडं सात हजार मिळालं तरी मास्तरनं देवाला नारळ फोडावा. वर स्टँप आणि रजिस्ट्रीचे मिळून साडेसात टक्के, घरपट्टी, रंग, आणि भाडेकरू गेल्यावरचे रिकामे महिने. मामांनी कागद उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला उरलेले चौदा हजार सापडतील. मग म्हणाले, “अॅप्रिसिएशन धरलं नाही तुम्ही.”

तर असे हे मामा अज्ञानी आहेत असा माझा समज होता. तो त्यांच्या जावयानं मोडला. जावयाला आदिलाबादेत दोनशे गजाचा प्लॉट घ्यायचा होता, आणि मामा अचानक वकील झाले. १९८३ पासूनची ई.सी., म्हणजे जागेवरच्या बोजाचा दाखला, काढायला लावली. सगळे लिंक डॉक्युमेंट, म्हणजे आधीच्या मालकांची खरेदीखतं, मागितले, आणि झेरॉक्स नको म्हणाले! जागा नोंदणी कायद्याच्या २२-ए कलमाच्या मनाई यादीत नाही ना, मूळचा लावणी पट्टा तर नाही ना, हे पाहिलं. लावणी पट्टा म्हणजे सरकारनं गरिबाला दिलेली जमीन, ती १९७७ च्या कायद्यानं विकता येत नाही. लेआउटला डी.टी.सी.पी.ची, म्हणजे नगररचना खात्याची, मंजुरी आहे की नुसता ग्रामपंचायतीचा शिक्का, ते विचारलं. मंजुरी नसेल तर २०२० मध्ये एल.आर.एस.चा, म्हणजे लेआउट नियमित करून घेण्याचा, अर्ज भरल्याची पावती दाखव म्हणाले. आठाहून जास्त प्लॉट आहेत, मग रेराचा नंबर कुठाय, असं एजंटाला दरडावलं. “प्री-लाँच ऑफर” हा शब्द निघताच चप्पल घालून उभे राहिले. एवढ्यानंही भागलं नाही. भर पावसात छत्री घेऊन जागेवर गेले, पाणी कुठं साचतं ते पाहिलं, आणि शेजारच्या बाईला विचारलं, “ताई, मे महिन्यात बोअरला पाणी रायते का वो?” ताई म्हणाल्या, टँकर येतो. सौदा तिथंच मोडला.

मी विचारलं, “मामा, हे सगळं मास्तरला का नाही सांगितलं?”

मामा प्रामाणिक माणूस. म्हणाले, “जावई बुडाला तर पोरगी माझ्याच घरी येते. मास्तरची थोडीच येते?”

तेव्हा उटनूरात, किनवटात, कुठंही मामा भेटले तर ‘काय घेऊ’ असं विचारू नका. जावयासाठी काय काय पाहिलं तेवढं विचारा, सगळं लिहून घ्या, चहाचे पैसे तुम्हीच द्या. आणि टोकनचा विषय निघाला की बस लागली म्हणून उठा.