टाकाऊतून टिकाऊ, तेही कोरे करकरीत

शाळेच्या ग्रुपवर रात्री निरोप येतो : 'उद्या टाकाऊतून टिकाऊ वस्तू आणावी.' घरात टाकाऊ पुष्कळ असते, पण ते दिसायला बरे नसते. मग बाबा स्टेशनरीच्या दुकानाकडे धावतात. ग्लू गन, चमकी, फोम शीट, थर्माकोल येते. बाटली रिकामी हवी, म्हणून कोल्ड्रिंकची भरलेली बाटली आणून सिंकमध्ये ओततात. मध्यरात्रीपर्यंत आई पेनस्टँड चिकटवत बसते. पर्यावरणरक्षक केव्हाच घोरत असतो. सकाळी पेनस्टँड मोडू नये म्हणून मोटारीतून जातो. शाळा दोन गल्ल्या पलीकडे.

आता बारीकसारीक गोष्टी. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी २०१८ साली आली. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करावा, हे २०१६ सालीच नियमांत लिहिले गेले. पण त्याला गुण कुठे असतात?

पेनस्टँडचा फोटो स्टेटसवर चढतो, पेनस्टँड आठवड्याने कचऱ्यात उतरतो. एवढी चमकी चिकटलेली बाटली भंगारवालाही घेत नाही. इकडे दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालणाऱ्या आजीला मात्र 'पाहुणे येणारेत, ते काढा आधी' असे ऐकावे लागते.

शिक्षकांना एकच विनंती : पुढच्या वेळी वस्तू मागू नका. घरचा कचरा रोज कोण वेगळा करतो, एवढेच मुलांना विचारा. हा प्रकल्प विकत आणता येत नाही.